शाळेत मुलांचं कोर्ट काढताय? मग या चुका टाळा

मुलांचं कोर्ट म्हणजे पोरांची भांडणं पोरांनीच पंच होऊन ऐकायची. बेळगाव-खानापूर भागात मी तीन शाळांत ते बसवायला हात लावलाय आणि तिन्हीकडं पहिल्या आठवड्यात मागणी एकच, काळा कोट. गॅदरिंगच्या नाटकातला कोट, डस्टरचा हातोडा आणि 'ऑर्डर ऑर्डर'. कोट घातला की पोरं ऐकायचं सोडून ॲक्टिंग करतात, म्हणून आमच्याकडं कोट बंद, सगळे जमखान्यावर गोल बसतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे चोर कोण हे शोधायला मुलांना बसवणं. पहिल्या वर्षी ही मीच केली. सातवीतल्या एकीची कंपासपेटी गेली, संशय शेवटच्या बाकावरच्या पोरावर, आणि तीन साक्षीदार लगेच तयार, "यानंच घेतली सर, बघितलंय मी". तो काही बोलेना, शर्टाचं खालचं बटण पिळत उभा, बटण तुटून हातात आलं तरी पिळतोयच. पंचांनी पाच मिनिटांत दोषी ठरवला. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेलाच आला नाही. आणि सोमवारी कंपास सापडली ती तिच्याच धाकट्या भावाच्या दप्तरात! साक्षीदारांना विचारलं तर म्हणे, "बघितलं नव्हतं सर, खरं तोच असणार असं वाटलं." मी त्याच्या घरी गेलो, आईनं चहा दिला, बोलली काही नाही.

अमेरिकेत टेक्ससमधल्या ओडेसा गावात १९८३ मध्ये टीन कोर्ट निघालं. तिकडच्या असल्या बहुतेक कोर्टांत चूक आधीच कबूल केलेली असते, मुलं फक्त भरपाई काय ते ठरवतात. हे मी आधी वाचायला पाहिजे होतं. आता माझा नियम साधा, कबुली नाही तर केस नाही, मग ते मोठ्यांनी बघायचं. ओडेसाचीच आणखी एक गोष्ट उचललीय, ज्याची केस झाली तो पुढं पंच म्हणून बसतो. असली पोरं प्रश्न फार नेमके विचारतात.

दुसरी चूक खास आपल्या सीमाभागातली. एकाच कंपाउंडात मराठी आणि कन्नड शाळा, भांडण नळावरचं, सुनावणी मात्र सगळी मराठीत. समोरचं पोरगं दरवेळी "गोत्तिल्ल री", म्हणजे कन्नडमध्ये 'माहीत नाही हो', म्हणतंय आणि पंच वहीत लिहितायत, 'उत्तर देत नाही'. अरे, त्याला प्रश्नच कळला नाही! पंच दोन्हीकडचे घ्या. दोन्ही भाषा बोलणारी पोरं आपल्याकडं ढिगानं आहेत, नाहीतर शनिवारच्या बाजारात आईचा हिशेब कोण करतं?

बाकीच्या पटापट सांगतो. नाव 'बाल न्याय मंडळ' ठेवू नका, २०१५ च्या कायद्यातलं खरं मंडळ आहे ते, पालक घाबरून येतात. उठाबशा, अंगठे धरणं, सगळ्यांसमोर लाजवणं नको, शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम १७ नं मारायलाही मनाई आहे आणि मानसिक त्रासालाही, शिक्षा मुलांनी सुचवली म्हणून सूट नाही. कुणी अंगाला वाईट हात लावल्याचं प्रकरण इथं आणायचंच नाही, पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, ते पोलिसांना कळवावंच लागतं.

आणि घाई. पहिला महिना मी फक्त खोट्या केस चालवतो, पट्टी तुटली, डबा सांडला, तेवढंच. परवा एका नव्या सरांचा फोन आला, पंधरा दिवसांत उद्घाटन आहे म्हणे, एसडीएमसीचे, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीचे, अध्यक्ष येणार, पंच अजून ठरले नाहीत, खरं काळे कोट भाड्यानं कुठं मिळतात?