नागपूरची जमीन, केकच्या डब्यात

आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांना एकदा विचारलं, आपल्या पायाखाली काय आहे? "टाइल्स," एक म्हणाला. त्याच्याखाली? "देशमुख काकूंचा हॉल." ते तळमजल्यापर्यंत पोचले आणि तिथे "माती अन् मग पाणी" म्हणून थांबले. खरं तर कामठीचा कोळसा, मनसरचं मँगनीज आणि सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड पन्नास किलोमीटरच्या आत आहेत, आणि प्रत्येकाचा काळ वेगळा. म्हणून मग जमिनीचाच केक केला. पोरांनी त्यात भोकं पाडायची आणि आत काय आहे ते सांगायचं.

हा केक मे महिन्यात करू नका. मी केला होता. बाहेर 45 अंश, त्यात वीज गेली, आणि चॉकलेटचा थर ताटातून ओट्यावर उतरला. लाव्हा असाच वाहतो हे पोरांना दिसलं खरं, पण केक गेला. 28 फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन, हा चांगला मुहूर्त. हवा बरी असते आणि मृग बहाराची संत्रीही मिळतात.

काम दोन दिवसांचं आहे. पहिल्या दिवशी 7 इंची डब्यात तीन स्पंज भाजायचे. एका स्पंजला मैदा 1 कप, पिठीसाखर पाऊण कप, दही पाऊण कप, तेल पाव कप, बेकिंग पावडर पाऊण छोटा चमचा, खायचा सोडा पाव छोटा चमचा. पीठ घट्ट वाटलं तर दोन-तीन चमचे दूध. 180 अंशांवर 25 ते 30 मिनिटं. सुरी खुपसून कोरडी निघाली की झालं. तिन्हींचं पीठ एकदम कालवून ठेवायचं नाही. दह्यातलं आम्ल सोड्याला भेटलं की वायू लगेच सुटायला लागतो, आणि तिसऱ्या डब्याची पाळी येईपर्यंत तो उडून गेलेला असतो. आधी एका ग्लासात चमचाभर दह्यात चिमूटभर सोडा टाकून पोरांना फसफस दाखवा.

पहिला स्पंज सगळ्यात जुन्या दगडाचा. अर्ध्या पिठात एक चमचा कोको घाला, दोन्ही पिठं आलटून पालटून डब्यात ओता आणि सुरीने दोन-तीन वेळा वळसे द्या. भाजल्यावर काळे-पांढरे पट्टे वळलेले दिसतात. जमिनीत खोल दाबाने आणि उष्णतेने दगड असेच पट्टेदार होतात. रामटेक-मनसरकडचे हे खडक शंभर कोटी वर्षांच्या आसपासचे किंवा त्याहून जुने आहेत. डार्क चॉकलेटचे तुकडे म्हणजे मँगनीज. ते सगळीकडे पसरू नका, फक्त एका बाजूला दडवा आणि ती बाजू कोणालाही सांगू नका.

दुसरा स्पंज कामठीचा वालुकाश्म. त्यात एका संत्र्याची साल किसून घाला. पांढरा भाग नको, कडू होतं. तिसऱ्यात दोन मोठे चमचे मैदा काढून तेवढाच कोको; हा आपला काळा दगड, बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा.

दुसऱ्या दिवशी रचायला घ्या. स्पंजचे फुगलेले डोके सुरीने सपाट करून घ्या. तळाला पट्टेदार. त्यावर फेटलेल्या क्रीमची एक बारीक रेघ. तिच्याकडे नंतर येते. मग कोळसा: 100 ग्रॅम चॉकलेट बिस्किटांचा भुगा 40 ग्रॅम पातळ लोण्यात कालवून वाटीच्या बुडाने दाबून बसवा. या कोळशातली झाडं ग्लॉसॉप्टेरिस नावाची, जिभेसारख्या पानांची. पेरूचं पान धुऊन कोरडं करा, त्याच्या मागच्या बाजूला वितळलेलं चॉकलेट लावा, फ्रिजमध्ये ठेवा आणि घट्ट झाल्यावर पान सोलून काढा. शिरांसकट ठसा उमटतो. तो कोळशावर ठेवा. ज्या खडकांत हा कोळसा सापडतो त्यांना गोंडवन म्हणतात, आपल्याकडच्या गोंड राजांच्या मुलखावरून. पुढे एका अख्ख्या प्राचीन महाखंडाला तेच नाव मिळालं.

कोळशावर संत्र्याचा स्पंज, आणि पुन्हा क्रीमची रेघ. मग किसलेलं खोबरं मिल्कमेडमध्ये कालवून पातळ पांढरा थर द्या आणि त्यात खजुराच्या छोट्या गोळ्या रोवा. हे डायनासोरचं शेण. हसू नका, चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरच्या हाडांबरोबर दगड झालेली विष्ठा खरोखरच सापडते. आमच्याकडे सगळ्यात आधी हाच थर संपतो.

त्यावर कोकोचा स्पंज. ठेवण्याआधी तो मधोमध कापून पोरांच्या हातात द्या आणि भोकं बघायला सांगा. लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी पसरला, तेव्हा त्यातही वायूचे बुडबुडे होते. वरचा भाग लवकर थिजला आणि ते तिथेच अडकले. म्हणजे केकची जाळी आणि दगडाची जाळी एकाच कारणाने पडते. पुढे दगडातल्या भोकांमध्ये पाण्यातून येऊन पांढरे स्फटिक बसले. आपण भोकांत खडीसाखरेचे बारीक दाणे खोचायचे. वरून 200 ग्रॅम चॉकलेट आणि 100 ग्रॅम क्रीमचं गनाश तीन वेळा ओता, प्रत्येक वेळी आधीचं घट्ट झाल्यावर. शेवटी बिस्किटाचा भुगा म्हणजे काळी माती, आणि तिच्यावर संत्र्याच्या फोडी.

एक गोष्ट पोरांना आधीच सांगा: नागपूरखाली सगळीकडे हे थर असेच एकावर एक नाहीत. पश्चिमेला बेसाल्ट, पूर्वेला बराचसा जुना खडक. आणि त्या क्रीमच्या रेघा म्हणजे हरवलेला काळ. 1 सेंटिमीटरला 10 कोटी वर्षं धरा आणि कागदाच्या पट्टीवर मांडा. बेसाल्ट पृष्ठभागापासून साडेसहा मिलिमीटरवर, कोळसा अडीच-तीन सेंटिमीटरवर, जुना दगड 10 सेंटिमीटरच्या खाली. खऱ्या मापाने केला असता तर केक जवळजवळ सगळा क्रीमचाच झाला असता.

भोकं पाडायला मेडिकलमधून सुईशिवायची मोठी नवी सिरिंज आणा आणि पुढचं टोक मोठ्या माणसाने कापून टाका. दट्ट्या केकच्या वर स्थिर धरून नळी गोल फिरवत खाली दाबा, बाहेर ओढा आणि दट्ट्या ढकला. ताटात थरांची कांडी उतरते. प्रत्येक पोराने आपल्या भोकाची जागा आणि थर वहीत काढायचे, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून मँगनीज कुठल्या बाजूला आहे ते ठरवायचं. खनिजांसाठी भोकं पाडणाऱ्या सरकारी कंपनीचं मुख्यालय नागपुरातच आहे, तिथेही काम असंच चालतं; कांड्या फक्त दगडाच्या.

आमच्याकडे पाच भोकांपैकी चार कोरडी गेली. "काकू, तुम्ही टाकलंच नाही ना जी?" म्हणत पाचवं ज्या पोरीने पाडलं, तिने कांडी ताटात उतरवली, बघितली आणि मँगनीज तोंडात टाकून मग नकाशावर खूण केली.