पंपामागच्या अडचणीत फ्लँज कसे जुळवायचे

फ्लँज (पाइप जोडायची भोकांची कडी) जुळत नसला की आधी स्टड (दोन्ही टोकांना नट लागणारा बोल्ट) घालून नट आवळायला घेतात, पाइप येतोच म्हणे ओढून. येतो, पण त्याचा सगळा ताण गास्केटवर (दोन फ्लँजमधली गळती अडवणारी चकती) नाहीतर पंपाच्या नोझलवर (पाइप जोडायचं तोंड) बसतो आणि लाईन चालू झाली की गळती सुरू. पाइप मोकळेपणी जागेवर यायला हवा, स्टडने फक्त गास्केट दाबायची, बाकी काही नाही.

समजा सक्शनचा (पंपात येणाऱ्या लाईनचा) ६ इंची, १५० क्लासचा (फ्लँजची प्रेशर श्रेणी) स्पूल, म्हणजे दोन्हीकडे फ्लँज असलेला पाइपचा तुकडा, परत बसवायचाय, मागे भिंत, वर केबल ट्रे, हात एकाच बाजूने जातो. कामाचं परमिट, आयसोलेशन (लाईन बाकी यंत्रणेपासून तोडणं) झालंय आणि लाईन पूर्ण ड्रेन झालीये हे स्वतः बघूनच आत शिरा.

आधी जवळच्या सपोर्टचे यू-बोल्ट ढिले करा आणि पाइपचं वजन चेन ब्लॉकवर (साखळीची कप्पी) घ्या. ब्लॉक बीमलाच अडकवायचा, शेजारच्या लाईनला अजिबात नाही. फ्लँजच्या फेसमध्ये पहार घालू नका, सेरेशनवर (फेसवरच्या बारीक गोल खाचा) एक आडवा ओरखडा पडला तरी तिथूनच गळतं.

होल जुळवायला टेपर पिन किंवा पोडगरचं (निमुळत्या दांड्याचा पाना) टोक वापरा, समोरासमोरच्या दोन होलमध्ये. बोट घालून बघायचं नाही म्हणजे नाही, पाइप जरा सरकला तरी बोट कापलं जातं.

आता गास्केट घालायच्या आधी गॅप मोजा, वर, खाली, दोन्ही बाजूंना, भिंतीकडे डोळा पोचत नाही तिथे आरसा आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या). एएसएमई बी३१.३ या पाइपिंगच्या मानकाप्रमाणे फेसमध्ये दर २०० मिमीला १ मिमीपर्यंत फरक चालतो, ६ इंचीचा रेज्ड फेस (गास्केट बसते तो उंचावलेला भाग) २१६ मिमीचा, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम १ मिमी मिळतो. होल ३ मिमीपेक्षा जास्त सरकलेले नकोत. यात बसत नसेल तर स्पूल कापून परत वेल्ड करून घ्या, सुपरवायझर घाई करत असला तरी.

स्टड घालताना भिंतीकडचे आणि खालचे आधी, समोरचे सोपे शेवटी, नाहीतर मागचा नट लावायला पाना फिरायलाच जागा उरत नाही. खालचे स्टड बसले की गास्केट वरून सोडा, ती त्यांच्यावर टेकते आणि सेंटरला राहते.

आवळणी क्रॉसमध्ये, ८ स्टडना १-५-३-७ मग २-६-४-८, टॉर्क (आवळायचा जोर) आधी ३० टक्के, मग ६०, मग १००, आणि शेवटी एक गोल फेरी. टॉर्क रेंच सरळ घुसत नसेल तर क्रोफूट (नटला बाजूने अडकणारं उघडं टोक) लावा, तो रेंचला ९० अंशात धरला तर सेटिंग बदलावं लागत नाही.

पाइप पंपाला ओढतोय का ते कळायला आवळताना कपलिंगवर (पंप आणि मोटरचे शाफ्ट जोडणारा भाग) डायल गेज लावून ठेवायला विसरू नका. काटा ०.०५ मिमीच्या पुढे गेला तर थांबा, नट सोडा आणि कुठला सपोर्ट पाइपला अडवतोय ते शोधा.