खोली घ्यायच्या आधी खिडकी विचारा

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं इटलीला गेलो होतो. रोज नवं शहर, रोज बॅगा भरा, हे काही करायचं नाही असं आधीच ठरवलं होतं. जेनोआच्या पूर्वेला लिगुरियाच्या किनाऱ्यावर कामोल्यी नावाचं जुन्या दर्यावर्दींचं गाव आहे. तिथल्या बारा खोल्यांच्या हॉटेलात चार रात्री राहिलो. तुम्हालाही असं राहायचं असेल, तर माझ्या अनुभवातून सांगते.

आधी नकाशा उघडा आणि गावाचं तोंड कुठे आहे ते बघा. एड्रियाटिकच्या, म्हणजे इटलीच्या पूर्वेकडच्या समुद्राच्या बाजूला समुद्रातून सूर्य उगवतो. नेपल्सच्या खालचा अमाल्फीचा किनारा दक्षिणेकडे बघतो, म्हणून उन्हाळ्यात तिथल्या बऱ्याच गावांत सूर्य डोंगराआड जातो. कामोल्यी पश्चिमेकडे बघतं, आणि जूनमध्ये तिथे सूर्य मावळतो रात्री नवाच्या पुढे. आम्हाला संध्याकाळ हवी होती, म्हणून हे गाव.

मग खोली. त्याआधीच्या प्रवासात, दुसऱ्या एका गावी, 'समुद्र दिसणारी' म्हणून घेतलेल्या खोलीत मान बाहेर काढून डावीकडे वळवल्यावर दोन भिंतींच्या मधून बोटभर निळी रेघ दिसायची. बुकिंगवर 'व्हिस्ता मारे लातेराले' लिहिलेलं होतं, म्हणजे बाजूने दिसणारा समुद्र. नुसतं 'व्हिस्ता मारे' असेल तरी विचारून घ्या. बुकिंगच्या आधी हॉटेलला चार ओळींचा ईमेल टाका: खिडकी थेट समुद्रावर उघडते का, मजला कितवा, लिफ्ट आहे का, आणि गादी एकसंध आहे का. शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. इटलीत डबल बेड म्हणजे 'मात्रिमोनियाले', पण पुष्कळदा दोन पलंग जोडून वर एकच चादर घातलेली असते आणि मध्ये फट राहते. लहान हॉटेलात उत्तर बहुतेक मालकच देतात, आणि त्या उत्तरावरूनच माणसं कशी आहेत ते कळतं. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारंच बुकिंग ठेवा.

ऑगस्ट टाळा. १५ ऑगस्टला तिथे 'फेर्रागोस्तो'ची मोठी सुट्टी असते आणि त्याच्या आगेमागे सगळा देश समुद्रावर येतो. हिवाळ्यात अशी बरीच हॉटेलं बंद असतात. जून किंवा सप्टेंबर उत्तम. मेमध्येही छान, फक्त कामोल्यीत दुसऱ्या रविवारी मासळीची जत्रा भरते, तेव्हा खोल्या मिळणं कठीण.

जेनोआहून लोकल गाडी येते. कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या मशीनमध्ये त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होतो. स्टेशन वर, बंदर खाली, मध्ये पायऱ्या, त्यामुळे बॅग उचलता येईल एवढीच न्या. हॉटेलात पासपोर्ट मागतात, कारण पाहुण्यांची नोंद त्यांना पोलिसांकडे पाठवावी लागते. तिथला मुक्काम-कर, 'तास्सा दी सोज्जोर्नो', माणशी दर रात्रीचा वेगळा द्यावा लागतो. त्यासाठी थोडे सुटे युरो जवळ असू द्या.

खोलीत गेल्यावर आधी खिडकीच्या झडपा बघा. लिगुरियात त्या हिरव्या, आडव्या पट्ट्यांच्या असतात आणि त्यांचा खालचा भाग वेगळा, बाहेरच्या बाजूला उचलता येतो. दुपारी झडप बंद ठेवून फक्त तो भाग उचला. ऊन बाहेर राहतं, वारा आत येतो, आणि पलंगावर पडल्यापडल्या खालचं पाणी दिसतं. कामोल्यीचा किनारा गोट्यांचा आहे. लाट मागे सरकली की सुपात हरभरे घोळवावेत तसा आवाज येतो. पहिल्या दुपारी आम्ही दोघं दोन तास काही न बोलता तो आवाज ऐकत पडलो होतो. फिरायचं राहून गेलं तरी चालेल, ही दुपार सोडू नका. गोट्यांवरून पाण्यात शिरायला रबरी चपला मात्र हव्यातच.

सकाळी नाश्त्याला गोड पाव आणि कापुचिनो असतो, पण तिथले लोक खारी फोकाच्चा, म्हणजे ऑलिव्ह तेलातला चपटा पाव, कापुचिनोत बुडवून खातात. नक्की करून बघा. शाकाहारी असाल तर 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे' असं दोन्ही सांगा, कारण फक्त मांस नको म्हटलं तर मासळी येऊ शकते. अक्रोडाच्या सॉसमधले 'पान्सोती', म्हणजे सारण भरलेला पास्ता, आणि हरभऱ्याच्या पिठाची भाजलेली पोळी, 'फारिनाता', मागा.

एक दिवस सान फ्रुत्तुओझोसाठी ठेवा. या जुन्या मठाकडे रस्ताच नाही. बोटीने जा, नाहीतर डोंगरातून चालत. बोटीला अर्धा तास लागतो. तिथल्या खाडीत सुमारे १७ मीटर खोल, १९५४ साली ठेवलेला, हात वर केलेला ब्राँझचा ख्रिस्त उभा आहे. समुद्र खवळला की बोटी बंद होतात, म्हणून निघण्याआधी हॉटेलात विचारा आणि परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ लिहून घ्या.

निघायच्या दिवशी खोली सकाळीच सोडावी लागते, पण बॅगा खाली ठेवून घेतात. आम्ही बॅगा ठेवून पुन्हा गोट्यांवर जाऊन बसलो आणि संध्याकाळची गाडी धरली. वर जाताना पायऱ्यांसाठी अर्धा तास हाताशी ठेवा.