जुना पियानो घेताय? पॉलिशला भुलू नका, खुंट्या तपासा

जुना पियानो घेताना माणूस फसतो तो त्याच्या रूपावर. नक्षीदार पाय, पिवळसर झालेल्या पट्ट्या, 'आमच्या आजीचा आहे' असं सांगणारं घर, आणि मन विरघळतं. पण आत डोकावा. सुमारे २३० तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण १५ ते २० टनांच्या घरात जातो. तो ताण बिडाची चौकट पेलते. प्रत्येक तार सुरात धरते ती मात्र खुंटी, आणि खुंटीला धरून ठेवते पिनब्लॉक नावाची जाड लाकडी फळी.

ही फळी न तपासणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. लाकूड सुकलं, तडकलं की खुंट्या सैल होतात. मग आज लावलेला सूर आठवड्याभरात उतरतो आणि ट्यूनर (सूर लावणारा कारागीर) कितीही चांगला असला तरी त्याच्या हाती काही राहत नाही. फळी बहुधा चौकटीमागे झाकलेली असते, म्हणून खुणा ओळखाव्या लागतात. मधल्या आणि वरच्या पट्ट्यांना बहुतेक ठिकाणी तीन-तीन तारा असतात. एकच पट्टी दाबल्यावर स्वर लाटेसारखा हलत असेल, तर त्या तीन तारा एकमेकींशी जुळलेल्या नाहीत. सगळा पियानो सारखाच उतरलेला असेल, तर तो बहुधा वर्षानुवर्षं लावलेला नाही. शेजारच्या पट्ट्या ठीक आणि मधल्याच काही भलतीकडे गेल्या असतील, तर सैल खुंट्यांचा संशय घ्या. तारेचे वेढे चौकटीला टेकेपर्यंत खुंट्या आत ठोकलेल्या दिसल्या, तर आधी कुणीतरी हाच आजार दडपलाय. जाड खुंट्या बसवून काही वेळा काम भागतं, पण उभ्या पियानोत अख्खी फळी बदलण्याचा खर्च सहसा पियानोच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

'फक्त ट्यूनिंग करून घ्या' या वाक्यावरही विसंबू नका. फोनवरचं ट्यूनर अ‍ॅप उघडा आणि मधल्या सी च्या (पट्ट्यांच्या मधोमधचा सी स्वर) वरचा पहिला ए वाजवा. तो ४४० हर्ट्झ हवा. ४१५ च्या आसपास दिसला, तर पियानो जवळजवळ अर्धा स्वर उतरलाय. एवढा चढवायला एकाहून जास्त फेऱ्या लागतात आणि गंजलेल्या तारा त्यात तुटू शकतात.

आवडतं गाणं मधल्या दोन सप्तकांत वाजवून निर्णय घेऊ नका. अगदी डावीकडून उजवीकडे ८८ पट्ट्या (काही जुन्या पियानोंत ८५) एकेक करून, आधी हळू मग जोरात दाबा. एखादी पट्टी अडकत असेल तर घाबरू नका. बहुधा दमटपणाने फेल्ट (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) फुगलेलं असतं किंवा आत पेन्सिल पडलेली असते. झणझण ऐकू आली तर आधी वर ठेवलेली फोटोफ्रेम उचला. तरीही ती थांबली नाही, तर साउंडबोर्डकडे, म्हणजे तारांमागच्या आवाज घुमवणाऱ्या रुंद, पातळ लाकडी पाटीकडे बघा. तिथली चीर दिसायला भयंकर वाटते, पण पाटीच्या मागच्या लाकडी आधारपट्ट्या घट्ट चिकटलेल्या असतील आणि आवाज स्वच्छ असेल तर नुसत्या चिरेसाठी पियानो नाकारू नये. खालचे स्वर बोदे येत असतील, तर तांब्याने गुंडाळलेल्या तारा निकामी झाल्या आहेत. हातोड्यांच्या फेल्टवर खोल चरे आहेत का आणि कसर लागली आहे का, हेही पाहून घ्या.

जुन्या उभ्या पियानोत हातोड्यांसमोर तारांचा पिंजरा दिसला, तर त्यातले डँपर (स्वर थांबवणारे फेल्टचे ठोकळे) तारांच्या वरच्या टोकाकडे दाबतात. स्वर नीट थांबत नाही आणि दुरुस्तीही किचकट असते. शिकणाऱ्या मुलासाठी असा पियानो मी घेणार नाही.

फुकट मिळणाऱ्या पियानोलाही हेच सगळं लागू आहे. उभा पियानो २०० ते ३०० किलोंचा असतो, म्हणजे वाहतुकीचे पैसे द्यावेच लागतात. म्हणून पैसे देण्याआधी, विक्रेत्याने सुचवलेला नव्हे, तर आपण शोधलेला ट्यूनर सोबत न्या. तो सूर लावायच्या किल्लीने खुंट्यांची पकड पाहील. पियानो घरी आल्यावर उन्हापासून आणि हीटर-एसीच्या झोतापासून दूर ठेवा, आणि दोन-तीन आठवडे त्या हवेत रुळू देऊन मगच सूर लावून घ्या.