‘शिप ब्रेकर’ मुलांसोबत कशी अभ्यासावी

पर्यावरणाची वाट लागल्यानंतरच्या जगावरची कादंबरी नववी-दहावीच्या मुलांच्या हातात दिलीत, तर ‘लेखकाला काय संदेश द्यायचा आहे?’ हा प्रश्न सुरुवातीला विचारू नका. त्याचं उत्तर मुलांना आधीच पाठ असतं. झाडं लावा, प्लास्टिक टाळा. ते वहीत उतरलं की पुस्तक मिटलंच म्हणून समजा. नवी मुंबईत, ऐरोलीतल्या आमच्या शनिवारच्या वाचनगटात मी सुरुवात वेगळ्या प्रश्नाने करते: या जगात माणसांचं पोट कशावर चालतं?

पाओलो बाचिगालुपी यांची ‘शिप ब्रेकर’ ही कादंबरी या प्रश्नासाठी मला फार आवडते. ती २०१० साली आली आणि किशोरवयीन वाचकांच्या पुस्तकांसाठीचा अमेरिकेतला प्रिंट्झ पुरस्कार तिला २०११ साली मिळाला. गोष्ट घडते अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर. तिथे जुनी तेलवाहू जहाजं वाळूत रुतून पडली आहेत आणि ती तोडण्यावर अख्खी वस्ती जगते. नेलर हा मुलगा ‘लाइट क्रू’मध्ये आहे. जहाजाच्या पोटातल्या अरुंद बोगद्यांतून सरपटत जाऊन तांब्याची वायर ओढून काढायची, हे त्याचं काम. लोखंड-पोलाद काढणारा ‘हेवी क्रू’ वेगळा. नेलरच्या कामाला अंग बारीक लागतं, म्हणजे तो वाढला की त्याचं काम गेलं. दर उन्हाळ्यात पँट आखूड होणाऱ्या मुलांना हे वेगळं समजवावं लागत नाही. ती एकदम गप्प होतात.

पालकांना आधीच सांगून ठेवा: नेलरचा बाप व्यसनी आणि मारकुटा आहे, रक्तपातही बराच आहे. चौदाच्या आतल्या मुलांना मी हे पुस्तक देत नाही. पुस्तक इंग्रजीतलं असलं तरी चर्चा मराठीत होऊ द्या. मुलं मोकळी बोलतात आणि भांडतातही मनापासून.

पहिल्या वाचनाला एकच काम द्या, पुराव्याची वही. पानाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे पुस्तकात जे लिहिलंय ते, पान क्रमांकासह. उजवीकडे त्यावरून आपण काय ताडलं ते. जग असं का झालं, हे लेखक कुठे सलग सांगत बसत नाही. बुडालेल्या शहराचे मनोरे पाण्यातून वर आलेले दिसतात, वादळांना लोक ‘सिटी किलर’ म्हणतात, जहाजं उत्तर ध्रुवावरून जातात. ही तिसरी नोंद डावीकडे आली की उजवीकडे ‘बर्फ वितळलंय’ हे मुलं स्वतःच लिहितात. आपल्या काळाला त्या जगात ‘ॲक्सिलरेटेड एज’ (वेग वाढलेलं युग) म्हणतात, ती नोंद मात्र सगळ्यांच्या वहीत हवीच. त्या पानावर मुलांच्या लक्षात येतं की या गोष्टीतले पूर्वज आपणच आहोत.

आता हाताचं काम. त्याला वेळ द्या, मला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. इलेक्ट्रिशियनकडून जुन्या वायरिंगचे तुकडे मागून आणा. घरात साधारणपणे असते ती दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चालेल. प्रत्येकाला एक-एक मीटर द्या आणि पकडीने वरचं प्लास्टिक सोलायला सांगा. जाळायचं अजिबात नाही, तो धूर विषारी असतो. सुरुवातीला पकड घसरते, प्लास्टिक ताणलं जातं, बोटाच्या पेराला रग लागते. मग एकदम सालपट निघतं आणि आतलं लालसर, चकचकीत तांबं दिसतं. ते स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. एका मीटरमागे जेमतेम १३ ग्रॅम भरतं. म्हणजे किलोभर तांब्यासाठी सुमारे ७५ मीटर वायर सोलायची. यानंतर नेलरच्या कोट्याचं, म्हणजे ठरवून दिलेली वायर काढावीच लागते त्याचं, प्रकरण पुन्हा वाचायला घ्या. आधी ज्या परिच्छेदावरून मुलं भरभर पुढे गेली होती, तिथे ती थांबतात. आमच्यातल्या एका मुलीने दुखरं बोट चोळत विचारलं, ‘काकू, आणि हे सगळं अंधारात, पालथं पडून?’ तो धडा तिथेच झाला होता, मी काही बोलले नाही.

याला जोडूनच खऱ्या जहाजतोडणीची माहिती द्या. गुजरातेत भावनगर जिल्ह्यात अलंगला १९८३ पासून जहाजं तोडली जातात. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक प्रचंड असतो, म्हणून भरतीला जहाज थेट किनाऱ्यावर चढवता येतं आणि ओहोटीला ते कोरड्यावर राहतं. आपल्या समोरच, मुंबई बंदराच्या काठी दारूखान्यातही जहाजं तोडली गेली आहेत. कामगारांची सुरक्षा आणि विषारी कचरा यांबद्दलचा हाँगकाँग करार २००९ साली झाला, पण अमलात आला २६ जून २०२५ रोजी. कादंबरी या दोन तारखांच्या मधली आहे. भविष्याच्या गोष्टीतला किती भाग तेव्हाच वर्तमान होता, हे मुलांना शोधू द्या.

पात्रांची स्वभावचित्रं मी झटपट उरकते, गाइडमध्ये असतात तेवढी पुरतात. त्याऐवजी दोन प्रसंग शेजारी-शेजारी ठेवा. पहिल्यात नेलर जहाजाच्या आत तेलाने भरलेल्या खोलीत पडतो. त्याच्याच क्रूमधली स्लॉथ त्याला वाचवू शकते, पण ते तेल म्हणजे तिचं नशीब उघडणं आहे. ती त्याला सोडून जाते. दुसऱ्यात वादळानंतर नेलर आणि त्याची क्रूमधली मैत्रीण पिमा यांना फुटलेल्या श्रीमंती जहाजात एक मुलगी सापडते. ती मेलेली समजून बोटांतल्या अंगठ्यांसाठी बोटंच कापायची तयारी चालते आणि तेवढ्यात ती डोळे उघडते. (तिचं नाव नीता. पुढे ‘पटेल’ या नावाची जहाज कंपनीही येते. आपली मुलं इथे खूश होतात. होऊ द्या, पण मग विचारा, या जगात श्रीमंत कोण झालं आणि का?) दोन्ही प्रसंगांत एकीकडे एक जीव आहे आणि दुसरीकडे आयुष्यभराची ददात मिटवणारा माल. नेलर दुसऱ्या वेळी स्लॉथसारखा का वागत नाही? ‘तो चांगला आहे म्हणून’ हे उत्तर घेऊ नका. पान दाखवायला सांगा. आणि स्लॉथच्या बाजूने बोलायला कुणाला तरी उभं कराच, नाहीतर सगळेच एका बाजूला बसतात.

आपला परिसर पुस्तक पुरतं वाचून झाल्यावरच आणा. आधी आणला तर मुलं नवी मुंबईबद्दलच बोलत राहतात आणि नेलर हरवतो. पण आणाच. वाशी किंवा बेलापूरच्या धारण तलावाच्या काठी एकदा भरतीला आणि एकदा ओहोटीला जा, वेळा भरतीच्या तक्त्यात बघून ठेवा. सिडकोने भराव घालून वसवलेल्या सखल भागाचं पावसाचं पाणी या तलावांत येतं. खाडीला भरती आली की झडपा बंद होतात, पाणी आत साठतं. ओहोटी लागली की त्या उघडतात आणि पाणी खाडीत जातं. मुलांना एवढंच विचारा: समुद्राची पातळी वाढली, तर झडप उघडायला किती वेळ मिळेल? घरी मोठ्यांना २६ जुलै २००५ बद्दल विचारून यायला सांगा. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. कोण कुठे अडकलं, कुणी कुणाला घरात घेतलं, प्यायचं पाणी कुठून आणलं, हे लिहून आणायचं. नेलरच्या वस्तीतली वादळानंतरची पानं त्या नोंदींशेजारी ठेवली की कोण कुणाला वाचवतं हा प्रश्न पुन्हा समोर येतो.

शेवटच्या लेखनासाठी निबंध नको. किनाऱ्यावरच्या एका माणसाचा एक दिवस लिहायला द्या. नेलर सोडून कुणीही चालेल. अट एवढीच की पुस्तकात न सापडणारी एकही वस्तू त्यात वापरायची नाही. पुराव्याची वही इथे कामाला येते, आणि कुणी नीट वाचलंय तेही कळतं.

ज्यांना पुढे वाचायचंय त्यांच्यासाठी याच जगातली आणखी दोन पुस्तकं आहेत, ‘द ड्राउन्ड सिटीज’ (२०१२) आणि ‘टूल ऑफ वॉर’ (२०१७). पहिल्यात लहान मुलांना सैनिक केलेलं युद्ध आहे, ते मी अकरावीच्या आधी हातात देत नाही.