मैदान भरावे म्हणून: खेळाच्या प्रसिद्धीच्या काही आगळ्या युक्त्या

गावोगावच्या कबड्डी स्पर्धांचे फलक पाहिले, तर त्यांवर मान्यवरांची पंधरा-वीस छायाचित्रे असतात आणि ज्यांचा खेळ पाहायला लोकांनी यायचे, त्या खेळाडूंपैकी एकाचाही चेहरा नसतो. आगळ्यावेगळ्या कल्पना शोधण्यापूर्वी मंडळाने ही चूक सुधारावी. कुस्ती मैदानाचे पत्रक या बाबतीत आदर्श मानावे: कोणत्या गावचा, कोणत्या तालमीचा मल्ल कोणाशी लढणार आणि इनाम किती, हे जोडीच्या छायाचित्रांसह त्यावर ठळक छापलेले असते, कारण लोकांची पावले वळतात ती जोड पाहण्यासाठी. कबड्डीच्या आयोजकांनीही अमुक संघाचा चढाईपटू आणि तमुक संघाचा कोपरारक्षक कोणत्या दिवशी समोरासमोर येणार, हे चार दिवस आधी नावांनिशी जाहीर करावे.

त्यानंतर प्रेक्षकाला काहीतरी काम द्यावे. याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण अमेरिकेतल्या बेसबॉलमधले आहे. १९५१ साली सेंट लुइस ब्राउन्स हा संघ गुणतक्त्यात तळाशी होता आणि त्याचे मालक बिल व्हेक यांच्यापुढे रिकाम्या स्टेडियमचा प्रश्न होता. २४ ऑगस्टच्या सामन्यासाठी त्यांनी हजाराहून अधिक प्रेक्षकांच्या हाती ‘होय’ आणि ‘नाही’ असे फलक दिले, डावपेचाचा प्रश्न आला की तो प्रेक्षकांना विचारला जाई आणि बहुमताने ठरेल तसे संघ खेळे. संघाचे व्यवस्थापक झॅक टेलर मात्र डुलत्या खुर्चीत बसून सामना पाहत होते. ब्राउन्सनी तो सामना ५–३ असा जिंकला. ही कल्पना आपल्याकडे आणायला खर्च जवळजवळ नाही. अंतिम फेरीपूर्वी एक प्रदर्शनीय सामना ठेवावा, प्रवेशद्वारावर प्रत्येकाला लाल आणि हिरवे असे दोन पुठ्ठे द्यावेत, आणि पुढची चढाई दोघांपैकी कोणी करायची, हे निवेदकाने प्रेक्षकांना विचारून ठरवावे. पुठ्ठ्याच्या मागे पुढील दिवसांचे वेळापत्रक छापले, तर तो घरी जातो आणि शेजाऱ्यांच्याही नजरेस पडतो. गुणांच्या सामन्यात असा प्रयोग करू नये, कारण तिथे संघांनी वर्षभर केलेली मेहनत पणाला लागलेली असते.

जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना बनानाज या संघाने तर प्रेक्षकाला नियमातच जागा दिली आहे. त्यांच्या बेसबॉलमध्ये फाउल गेलेला, म्हणजे मैदानाच्या रेषेबाहेर टोलवला गेलेला चेंडू प्रेक्षकाने अलगद झेलला, तर फलंदाज बाद होतो आणि सामना दोन तासांच्या मर्यादेत बांधलेला असतो.

लोकांच्या चांगुलपणालाही हाक घालता येते. कॅनडात आइस हॉकीच्या ठरावीक सामन्यात यजमान संघाचा पहिला गोल झाला की प्रेक्षक घरून आणलेली मऊ खेळणी मैदानावर फेकतात आणि ती रुग्णालयांना व सेवाभावी संस्थांना दिली जातात; २०१५ मध्ये कॅलगरीत अशी २८,८१५ खेळणी जमली होती. आपल्याकडे यजमान संघाने पहिला लोण चढवला, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचे सगळे गडी बाद केले, की प्रत्येकाने एक कोरी वही टोपलीत टाकावी, असे आवाहन करता येईल. वह्या फेकू मात्र देऊ नयेत.

खेळाडूने स्वतःची प्रसिद्धी करणे यात संकोच वाटण्याजोगे काही नाही, फक्त जे बोलावे ते पडताळून पाहता येईल असे असावे. कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मुहम्मद अली, प्रतिस्पर्धी कितव्या फेरीत पडणार हे आधीच यमक जुळवून सांगत असे. १९६२ मध्ये आर्ची मूरला चौथ्या फेरीत पाडीन असे त्याने सांगितले आणि चौथ्याच फेरीत पाडले. पुढच्या वर्षी डग जोन्सविरुद्धचे भाकीत चुकले, लढत दहा फेऱ्या चालली आणि जिंकूनही त्याला प्रेक्षकांचा रोष ऐकावा लागला. लोक येत होते, कारण शब्द खरा ठरतो की नाही हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. एखाद्या चढाईपटूने ‘उद्या पहिल्या डावात पाच बोनस घेईन’ असे ध्वनिफितीवर सांगावे आणि मंडळाने ते गावच्या व्हॉट्सॲप गटांवर पाठवावे.

नियमपुस्तक मात्र आधी वाचावे. डिसेंबर १९७९ मध्ये पर्थच्या क्रिकेट कसोटीत ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, आणि ती बॅट विकण्यात त्याचे व्यावसायिक हितही गुंतलेले होते. चेंडू खराब होतो अशी तक्रार इंग्लंडचा कर्णधार माइक ब्रेअर्ली याने केली, खेळ थांबला, लिलीने ती बॅट रागाने भिरकावली, आणि पुढे बॅटचे पाते लाकडाचेच असावे असा नियम झाला. चर्चा जगभर झाली. विकायची वस्तूच उरली नाही.

बिल व्हेक यांचाही एक बेत असाच फसला. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोत त्यांच्या व्हाइट सॉक्स संघाच्या मैदानावर, डिस्को संगीताची एक तबकडी आणणाऱ्याला ९८ सेंट्समध्ये प्रवेश देण्यात आला आणि दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत त्या तबकड्या स्फोटाने उडवण्यात आल्या. हजारो लोक मैदानात घुसले, खेळपट्टीची दुर्दशा झाली आणि दुसरा सामना प्रतिस्पर्ध्याला बहाल करावा लागला. १९५१ मध्ये आलेला प्रेक्षक बेसबॉलचा विचार करत होता. १९७९ मध्ये आलेल्या अनेकांना बेसबॉलशी काही घेणेदेणे नव्हते. म्हणून कल्पना सुचली की ती खेळापासून वेगळी काढून पाहावी, आणि खेळाशिवायही ती तशीच चालत असेल तर सोडून द्यावी. ठरलेली कल्पना पंचप्रमुखांना लेखी कळवावी, आणि मैदान किती माणसे पेलू शकते ते मोजून तेवढेच प्रवेश द्यावेत.

शेवटच्या दिवसासाठी पुन्हा कुस्तीकडे वळावे. निकाली कुस्ती जिंकलेला मल्ल हलगीच्या तालावर मैदानात फिरतो आणि प्रेक्षक कौतुकाने त्याच्या हाती नोटा ठेवतात. अंतिम सामन्यानंतर सर्वोत्तम चढाई आणि सर्वोत्तम पकड करणाऱ्या दोघांना असेच प्रेक्षकांमधून फिरवावे, निवेदकाने त्यांचे गाव, संघ आणि प्रशिक्षकाचे नाव सांगावे, आणि त्यासाठीची दहा मिनिटे भाषणांच्या आधी वेळापत्रकात राखून ठेवावीत.