मूळ संख्या तपासताय? या चुका टाळा

बेळगावातल्या शहापूरचा पिनकोड ५९०००३. ही मूळ संख्या आहे का? शेवटी ३ आहे, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज १७, म्हणून ३ बाद. ७ ने बाकी १, ११ ने ७, १३ ने ११, १७ ने पुन्हा १. बरीच मुलं इथंच ‘मूळ’ लिहून मोकळी होतात. पुढच्या सहा मूळ संख्यांनीही भाग जात नाही, आणि सातवीला सगळं फिरतं: ४३ × १३७२१ = ५९०००३.

कुठं थांबायचं हे कंटाळ्यावर ठरवू नका, वर्गमूळावर ठरवा. ५९०००३ चं वर्गमूळ ७६८ च्या किंचित पुढं. तिथवरच्या १३५ मूळ संख्यांपैकी एकीनंही भाग गेला नसता, तरच ही मूळ ठरली असती. पुढं जायची गरजच नाही: दोन्ही अवयव ७६९ किंवा मोठे धरले तर गुणाकार किमान ५९१३६१ होतो. निम्म्या संख्येपर्यंत भागत बसणं हीदेखील चूकच, वेळ खाणारी.

(सीमाभागात एक घोळ हमखास होतो. कन्नडमध्ये मूळ संख्येला ‘अविभाज्य संख्ये’ म्हणतात. माध्यम बदललेल्या मुलांना ही एकच गोष्ट आहे, आणि ‘वर्गमूळ’मधल्या ‘मूळ’शी तिचा संबंध नाही, हे पहिल्याच तासाला सांगा.)

मोठ्या संख्येसाठी एक्सेल वापरू नका. त्यात २३०५८४३००९२१३६९३९५१ टाका. ही २^६१ − १, अस्सल मूळ संख्या. एक्सेल फक्त १५ अंक राखतं, शेवटचे चार शून्य करतं, आणि तुमची मूळ संख्या चक्क १० ने भागली जाते! पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत पूर्णांक कितीही मोठा चालतो, पण भागाकाराला / नको, त्यानं दशांश येतो आणि अचूकता जाते. // (पूर्णांकी भागाकार) आणि % (बाकी) वापरा.

फर्माची चाचणी अशी: n पेक्षा लहान एक संख्या ‘पाया’ म्हणून घ्या, तिच्या n − १ व्या घाताला n ने भागा; n मूळ असेल तर बाकी १ येते. ही चाचणी एकाच पायावर सोडू नका. २ च्या ३४० व्या घाताला ३४१ ने भागलं तर बाकी १ येते, तरीही ३४१ = ११ × ३१. कारण साधं आहे: २^१० = १०२४, म्हणजे ३४१ ची तिप्पट अधिक १, आणि २^३४० हा त्याचाच ३४ वा घात. पाया ३ घेतला की बाकी ५६ येते आणि चोरी पकडली जाते. ५६१ (= ३ × ११ × १७) मात्र तिच्याशी सहमूळ असलेल्या (१ सोडून सामाईक अवयव नसलेल्या) प्रत्येक पायाला फसवते, म्हणून मिलर-राबिन ही फर्मापेक्षा कडक चाचणी करा. ३२१५०३१७५१ च्या खालच्या संख्यांना २, ३, ५, ७ हे चार पाये पुरतात. तिथं निकाल पक्का असतो.

घातांक p मूळ असला की २^p − १ मूळ, ही सर्वांत चिवट चूक. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. इथं लुकास-लेमर ही खास २^p − १ साठीची चाचणी लावा: ४ पासून सुरुवात, दर वेळी वर्ग करून २ वजा, मग २^p − १ ने भागून बाकी. हे p − २ वेळा करायचं, p वेळा नाही. १२७ साठी (p = ७) पाच पायऱ्या: १४, ६७, ४२, १११, ०. शेवटी शून्य, म्हणून मूळ. २०४७ साठी नऊ पायऱ्यांनंतर १७३६ उरतात. २०२४ मध्ये सापडलेली २^१३६२७९८४१ − १ ही ४,१०,२४,३२० अंकी संख्याही याच चाचणीनं पक्की झाली.